गोळीच्या आधी रक्त

छातीवर टाका नाही, छातीचे हाड कापलेले नाही. जांघेत एक छोटी पट्टी, तीही दोन-चार दिवसांत निघते. ऐंशीच्या घरातले आजोबा दुसऱ्या दिवशी उठून बसतात आणि आठवडा व्हायच्या आत घरी येऊन गॅलरीतल्या खुर्चीत पेपर उघडतात. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "ऑपरेशन झाल्यासारखे वाटतच नाही हो!" त्यात कौतुक असते आणि ते रास्तही असते. धोका मात्र त्याच वाक्यात दडलेला आहे. ऑपरेशन झाल्यासारखे वाटत नाही म्हणून दोन महिन्यांत घरच्यांच्या ध्यानातून जाते, की या माणसाच्या हृदयात एक परकी वस्तू बसवलेली आहे आणि यापुढे त्याचा साधा ताप साधा राहिलेला नाही.

कॅथेटरने महाधमनीची झडप बदलण्याच्या या उपचाराला डॉक्टर मंडळी 'टावी' म्हणतात. मुंबई-पुण्यात आता त्याची नवलाई उरलेली नाही. म्हातारपणी या झडपेवर कॅल्शियम साचते, तिच्या पाकळ्या कडक होतात आणि पुरत्या उघडेनाशा होतात. बंद होत आलेल्या दारावर हृदय रात्रंदिवस धडका देत राहते. जिना चढताना धाप लागते, छातीत दुखते, चालता चालता भोवळ येते. पूर्वी छाती उघडून झडप बदलणे एवढाच मार्ग होता. ज्यांना तो झेपणार नव्हता त्यांना औषधांवर ठेवले जाई. फ्रान्समधल्या रुआँ शहरात १६ एप्रिल २००२ रोजी आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात कॅथेटरमधून झडप बसवली. रुग्ण ५७ वर्षांचा, मरणाच्या दारात पोहोचलेला. २०१० साली 'पार्टनर' चाचणीचे आकडे आले. शस्त्रक्रिया शक्य नाही असे ठरलेल्या ज्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांवर ठेवले, त्यांतले निम्मे वर्षभरात गेले. कॅथेटरने झडप बसवलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होते. वैद्यकशास्त्रात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. पुढे २०१९ पर्यंत हा उपचार कमी जोखमीच्या, तुलनेने तरुण रुग्णांपर्यंतही पोहोचला. भारतात तर वापीच्या मेरिल कंपनीची 'मायव्हॅल' ही झडप २०१८ पासून मान्यताप्राप्त आहे. ज्यांचे आईवडील या उपचाराने पुन्हा चालूफिरू लागले, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. आम्हीही ते मानतो, आणि मानतो म्हणूनच त्याच्या एका दुखऱ्या बाजूवर बोट ठेवत आहोत.

ही बाजू म्हणजे एन्डोकार्डायटिस, हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि झडपेला होणारा जंतुसंसर्ग. टावीनंतर तो किती जणांना होतो? युरोप, उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ४७ केंद्रांनी मिळून २००५ ते २०१५ या काळातल्या २०,००६ रुग्णांची नोंद तपासली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग झालेले रुग्ण निघाले २५०. वर्षाला शंभरात साधारण एक. आकडा लहान दिसतो. पण त्या अडीचशेंपैकी ३६ टक्के रुग्ण त्याच मुक्कामात रुग्णालयातच दगावले आणि दोन वर्षांच्या आत तिघांतले दोघे गेले. झडप बसवल्यापासून संसर्ग उघड होईपर्यंतचा मधला काळ होता सव्वापाच महिन्यांच्या आसपास. म्हणजे हार-तुरे, पेढे, तपासणीच्या दोन-तीन फेऱ्या सगळे आटोपून घर निर्धास्त झालेले असते, नेमके तेव्हा.

छाती उघडून झडप बदलली असती तर हे टळले असते का? तसेही नाही. डेन्मार्कमध्ये दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत संसर्गाच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही. तेव्हा टावीला भिऊन कोणी मागे फिरावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. फरक आहे तो लक्षात राहण्याचा. छाती चिरलेला माणूस रोज अंघोळीच्या वेळी आरशात आपली खूण पाहतो. त्याच्या बायकोला, मुलाला, गल्लीतल्या डॉक्टरांना ती खूण दिसते आणि प्रत्येक दुखण्यात आठवण करून देते. जांघेतून बसवलेल्या झडपेची खूण शरीरावर कुठेच उरत नाही. ती कागदावरच असते, आणि तो कागद कपाटात.

झडपेवर जंतू बसतात कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. नव्या झडपेचा सांगाडा धातूच्या जाळीचा असतो, त्यात गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून केलेल्या पाकळ्या शिवलेल्या असतात. शस्त्रक्रियेत जुनी झडप कापून काढून टाकतात; टावीत ती चेपून बाजूला सारतात आणि तिथेच राहू देतात. कॅल्शियमच्या खडबडीत गाठींवर जाळी दाबून बसते, काही ठिकाणी कडेला फट राहते, तिथून रक्ताचा बारीक झोत मागे येत राहतो. जाळीवर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर रक्तात कुठूनही जंतू शिरले, दुखऱ्या हिरडीतून, लघवीच्या मार्गातून, हातावरच्या सुजलेल्या सलाईनच्या जागेतून, तर त्यांना बसायला आयती जागा मिळते. ते रक्ताच्या गुठळीत स्वतःला गुंडाळून घेतात. त्या गुठळीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून औषध आत शिरायला वेळ लागतो. तिचा एखादा तुकडा सुटला तर तो मेंदूत जाऊन लकवा होतो. संसर्ग खाली उतरून गळू झाले तर हृदयाचे ठोके वाहून नेणारी वाट बंद पडते.

या रोगात सगळ्यात क्रूर गाठ पुढे आहे. औषधाने संसर्ग आटोक्यात येत नसेल तर सडलेली झडप काढून टाकणे हा उपाय, आणि त्यासाठी छाती उघडावी लागते. ज्यांना छाती उघडणे झेपणार नाही म्हणून टावी केली, त्यांनाच आता ते झेपवा म्हणायचे! वर सांगितलेल्या अडीचशे रुग्णांपैकी जेमतेम १५ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली. बाकीच्यांचा सगळा भरवसा शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर, आणि तेही सहासहा आठवडे. अशा वेळी कोणत्या जंतूशी गाठ आहे हे नेमके ठाऊक असणे हाच डॉक्टरांच्या हातातला एकमेव पक्का धागा असतो. आपल्याकडे तोच धागा पहिल्या दोन दिवसांत तुटतो.

चित्र ओळखीचे आहे. आजोबांच्या अंगात संध्याकाळी कसर असते. जेवण जात नाही, तोंडाला चव नाही. म्हाताऱ्या शरीरात ताप चढतोच असे नाही; कधी नुसता थकवाच असतो, कधी वजन उतरते, कधी रात्री घाम येतो. घरचे म्हणतात, वय झाले. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून प्रतिजैविकाची अर्धी पट्टी येते. तीन दिवस बरे वाटते. पुन्हा ताप. पावसाळ्याचे दिवस असले तर डेंग्यू, मलेरिया यांच्या तपासण्या होतात. विडाल नावाची जुनी, बेभरवशाची तपासणी 'पॉझिटिव्ह' येते आणि टायफॉईड म्हणून आणखी पाच-सात दिवस दुसरे प्रतिजैविक सुरू होते. पुन्हा बरे वाटते, पुन्हा ताप. पंधरा दिवस, तीन आठवडे असेच जातात. शेवटी धाप वाढली किंवा तोंड वाकडे झाले की गाडी मोठ्या रुग्णालयाकडे धावते. तिथे पहिल्यांदा कोणीतरी विचारते, "यांची झडप बदलली होती का?"

आता ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, घेतले जाते आणि त्यात काहीच वाढत नाही. वाढणार कसे? अर्धवट औषधांनी जंतू मेलेले नसतात, फक्त प्रयोगशाळेच्या बाटलीत उगवण्याइतके सशक्त राहिलेले नसतात. हृदयात मात्र ते आहेत. भारतात एन्डोकार्डायटिसच्या रुग्णांत कल्चर कोरे येण्याचे प्रमाण मोठे असते, याचे एक मुख्य कारण आधीच पोटात गेलेली प्रतिजैविके हे आहे, आणि हृदयरोगतज्ज्ञ ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कोऱ्या कल्चरवर उपचार करणे म्हणजे अंधारात, अंदाजाने, तीन-तीन विषारी औषधे मिसळून लढणे. मूत्रपिंडे आधीच थकलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात मावणारे आहे: ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांना ताप आला, तर प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घेतले गेले पाहिजे. एका बाटलीवर भागत नाही. वेगवेगळ्या शिरांतून, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने तीन वेळा रक्त घ्यायचे, प्रत्येक वेळी दहा मिलिलिटरच्या आसपास. रुग्ण गंभीर असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर वाट पाहायची नाही. रक्त लगेच घेऊन औषध लगेच सुरू करायचे. पण घरी बसून चहा पिणाऱ्या, बारीक ताप असलेल्या माणसाच्या बाबतीत अर्धा दिवस थांबायला कोणाची हरकत आहे? तालुक्याच्या गावीही हे जमते. बाटल्या जवळच्या शहरातल्या लॅबमध्ये पाठवता येतात. त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, एवढे सांभाळले तरी पुरे. तोवर ताप उतरवायला पॅरासिटामोल आहेच. त्याने कल्चर बिघडत नाही.

फॅमिली डॉक्टरांवर सगळे ढकलणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर जो कागद येतो, त्यात त्यांना काय सांगितलेले असते? टावी झालेल्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी, रक्तदाबाची कधी, फेरतपासणी कधी, हे सगळे त्यात नीट छापलेले असते. ताप आला तर काय करायचे नाही, ही ओळ ठळक अक्षरांत, मराठीत, पहिल्या पानावर का नसावी? झडपेचा प्रकार, माप आणि क्रमांक असलेले छोटे कार्ड कंपनी देते. ते रुग्णाच्या पाकिटात नसते, फायलीत असते. लाखो रुपये खर्च करून झडप बसवणाऱ्या रुग्णालयाला हे एक पान मराठीत छापायला किती खर्च येणार आहे? ही हलगर्जी आम्हाला क्षम्य वाटत नाही.

रुग्णालयांना आणखीही विचारायला हवे. त्या २५० रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा संसर्ग वैद्यकीय उपचारांशीच जोडलेला निघाला: सलाईनची सुई, लघवीची नळी, डायलिसिस, रुग्णालयातला मुक्काम. स्वित्झर्लंडमधल्या १५ रुग्णालयांनी ७,२०३ रुग्णांचा मागोवा घेतला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या शंभर दिवसांतला संसर्गाचा वेग एक वर्षानंतरच्या वेगाच्या सहापटींहून अधिक होता. म्हणजे बीज अनेकदा झडप बसवतानाच किंवा त्याच्या आगेमागे पडते. या लवकर झालेल्या संसर्गांत एन्टेरोकॉकस नावाचा जंतू सगळ्यात पुढे होता. तो आपल्या आतड्यात राहतो आणि जांघेच्या परिसरात सहज सापडतो, आणि टावीचा कॅथेटर जातो तो जांघेतूनच. प्रक्रियेच्या आधी जे प्रतिजैविक टोचतात, ते बहुधा सेफाझोलिनसारखे असते. एन्टेरोकॉकसवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. स्विस पाहणीत सुरुवातीच्या संसर्गांपैकी जवळजवळ निम्म्यांत जंतू असा होता, की आधी दिलेल्या प्रतिजैविकाला तो दाद देणाराच नव्हता. इतके स्पष्ट दिसल्यावर जुने इंजेक्शन सवयीने चालू ठेवायचे की बदलायचे, याचा निर्णय प्रत्येक कॅथलॅबने आपल्याकडचे जंतू तपासून घ्यायला हवा. गरज नसलेली लघवीची नळी एक दिवसही जास्त राहू नये, सलाईनची जागा रोज पाहिली जावी, कॅथलॅबची स्वच्छता शस्त्रक्रियागृहाच्या तोडीची असावी. या गोष्टी साध्या आहेत. पण रुग्ण लवकर घरी जातो म्हणून त्या सैल पडू शकतात.

दातांकडे वळू. झडप बसवायच्या निदान दोन आठवडे आधी तोंडातले सडके दात, पू झालेल्या हिरड्या यांचा निकाल लावावा असे युरोपीय हृदयरोग संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपल्याकडे ऐंशीच्या माणसाचे दोन-तीन दात हलत असतात, मिश्रीने किंवा तंबाखूने हिरड्या खाल्लेल्या असतात, आणि घरचे म्हणतात, आधी हृदयाचे बघू, दाताचे नंतर. हा क्रम उलटा आहे. झडप बसल्यानंतरही दात काढताना, हिरड्यांना धक्का लागेल असे काही करताना आधी एकदाच प्रतिजैविक घ्यायचे असते: साधारण अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिनचे दोन ग्रॅम, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरे काही, आणि तेही आपल्या डॉक्टरांना विचारून. त्याऐवजी दात काढून झाल्यावर पाच दिवसांच्या गोळ्या हाती पडतात आणि 'कोर्स झाला' म्हणून सगळे समाधानी होतात. जंतू रक्तात शिरतात ते दात उपटतानाच्या क्षणी. दुसऱ्या दिवसाची गोळी त्यांना गाठायला उशिरा पोहोचते.

दात काढण्याआधीच्या या एका गोळीवरूनही जगात बराच वाद झाला आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली अशी गोळी देऊ नये असे ठरले, पुढे २०१६ मध्ये त्या वाक्यात 'सरसकट' हा शब्द घालून ते सौम्य केले गेले. अमेरिकेने २००७ मध्ये यादी आखडती घेतली. पण कृत्रिम झडप असलेल्यांना अमेरिकी आणि युरोपीय मार्गदर्शनाने कधीच वगळले नाही, आणि २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शनात कॅथेटरने बसवलेल्या झडपांचाही स्पष्ट उल्लेख आहे. गोळीपेक्षाही मोठे काम रोजच्या ब्रशचे आहे. सुजलेल्या हिरड्यांतून दात घासतानाही जंतू रक्तात जातात, जेवतानाही जातात. हिरड्या निरोगी असतील तर हे येणेजाणे कमी होते. दोनदा दात घासणे, सहा महिन्यांनी दंतवैद्याला तोंड दाखवणे हे झडपेच्या निगराणीतच मोडते. कवळी वापरणाऱ्यांनीही हिरड्यांवरची जखम दुर्लक्षू नये.

निदान लवकर झाले तर चित्र बदलते, हेही सांगितले पाहिजे. धातूच्या जाळीमुळे नेहमीच्या इकोमध्ये सावल्या पडतात आणि जंतूंची गाठ दिसत नाही. म्हणून अन्ननलिकेतून करायचा इको लागतो, कधी सीटी, कधी पेट-सीटी. एक इको चांगला आला म्हणून संशय सोडायचा नसतो. आठवड्याने पुन्हा करावा लागतो. नेमका जंतू सापडला की औषध नेमके देता येते. डेन्मार्कमधल्या 'पोएट' चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, प्रकृती स्थिरावलेल्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना काही दिवसांनी शिरेतल्या औषधांवरून तोंडी गोळ्यांवर आणले, आणि ते इतरांपेक्षा मागे पडले नाहीत. महिनाभर रुग्णालयात अडकून पडणाऱ्या वृद्धांसाठी ही फार मोठी सुटका आहे. पण ती मिळते कोणाला? ज्याचा जंतू सापडला त्याला.

टावी आता साठीतल्या माणसांनाही केली जाते. त्यांच्यापुढे पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य आहे. वर्षाला शंभरात अर्धा किंवा एक असा धोका एका वर्षापुरता किरकोळ वाटतो. वीस वर्षांत तो किरकोळ राहत नाही. झडपा वाढत जाणार, त्या बसवलेली माणसे गावोगाव परतणार, आणि त्यांचा पहिला ताप पाहणारा डॉक्टर मुंबईचा हृदयरोगतज्ज्ञ नसणार. तो पेठेतला, वाडीतला, तालुक्याच्या बाजारपेठेतला डॉक्टर असणार. त्याला या झडपेची माहिती देण्याची जबाबदारी ती बसवणाऱ्यांची आहे. आरोग्य विभागाने आणि वैद्यकीय संघटनांनी अशा प्रत्येक रुग्णासाठी मराठीतले एक पानी कार्ड सक्तीचे करावे, ही आमची मागणी आहे.

ते होईपर्यंत घरच्यांनी थांबू नये. तुमच्या घरात कोणाची झडप अशी बदलली असेल, तर आज त्यांचे डिस्चार्ज कार्ड कपाटातून काढा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेनने मोठ्या अक्षरांत लिहा: 'हृदयात कृत्रिम झडप आहे. ताप आल्यास प्रतिजैविकाआधी ब्लड कल्चर.' त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना नेऊन द्या आणि एक दातांच्या डॉक्टरांना.